विद्या रोग्याच्या दारी : प्रस्तावना

हिपॅटायटिस सी या व्याधीविषयी, तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या परिचारिका, आशा, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ आणि नव्याने रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी यांना हाताशी ठेवता येईल असे एक पुस्तक मराठीत असावे, ही इच्छा मी कित्येक वर्षे मनात बाळगून होतो. आणि ज्या दोघा तरुण वैद्यकांनी ती आज पुरी केली, त्यांनीच प्रस्तावनेचा आग्रह धरला, तेव्हा तो मोडण्यास मला कारण उरले नाही. पुस्तकाची भलावण करणे हा या लेखनाचा हेतू नाही; ते काम पुस्तकाची पाने करतील. ज्या विषयाच्या दारात वाचक उभा आहे, त्या विषयाचे स्वरूप काय, त्याचा इतिहास काय, आणि रोग बरा करता येऊ लागल्यानंतरही त्यावर पुस्तक लिहिण्याची वेळ का यावी, एवढे मला सांगावयाचे आहे. एखाद्या रोगाला औषधच नसते, तेव्हा वैद्याने हात टेकावेत हे समजण्यासारखे आहे. परंतु औषध आहे, ते सरकारने मोफत केले आहे, जिल्ह्याच्या गावी कपाटात ते ठेवलेले आहे, आणि तरीही वीस कोसांवरचा रोगी त्यावाचून मरतो, ही गोष्ट समजण्यासारखी नाही आणि सोसण्यासारखी तर मुळीच नाही. हे वीस कोस कसे ओलांडावेत, हाच या पुस्तकाचा खरा विषय आहे.

प्रथम या रोगाचा स्वभाव पाहू. कावीळ म्हटली की डोळ्यांना पिवळेपणा येणे, अन्नावरची वासना उडणे, आणि मग गावातल्या जाणत्याकडे जाऊन गळ्यात माळ घालून घेणे किंवा चुन्याच्या पाण्याने हात धुऊन ती ‘उतरवून’ घेणे, हा क्रम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेला आहे. दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुधा आपल्या पायांनीच निघून जाते, म्हणून माळेला यश येते आणि जाणत्याचा लौकिक वाढतो. हिपॅटायटिस सीचा विषाणू मात्र रक्तातून रक्तात जातो, आणि डोळ्यांत पिवळेपणा क्वचितच आणतो. शंभर माणसांना त्याची बाधा झाली, तर सुमारे तिसांच्या शरीरातून तो सहा महिन्यांच्या आत आपसूक नाहीसा होतो. उरलेल्या सत्तरांच्या यकृतात तो ठाण मांडून बसतो, आणि शेतात, गिरणीत, कचेरीत राबणाऱ्या त्या माणसाला आपल्या उजव्या बरगडीखाली काय चालले आहे याची वार्ताही नसते. जरा थकवा वाटतो, तो वयाच्या खाती जमा होतो. भूक मंदावते, ती हवामानाच्या. अशा रीतीने वीस वर्षे लोटली की या दीर्घ बाधा झालेल्यांपैकी शेकडा १५ ते ३० जणांचे यकृत दगडासारखे कठीण होते, आणि मग जलोदर, रक्ताची उलटी, भ्रम किंवा यकृताचा कर्करोग यांपैकी कोणत्या तरी रूपाने रोग प्रथमच आपले नाव सांगतो. डोळे पिवळे होण्याची वाट पाहत बसणाऱ्याची आणि या रोगाची भेट वेळेवर कधी होतच नाही.

हे नाव वैद्यकशास्त्राला तरी कोठे लवकर कळले? १९७० च्या दशकात अमेरिकेतील हार्वे ऑल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की रक्त चढवल्यानंतर होणाऱ्या काविळीचे पुष्कळ रोगी ‘ए’ आणि ‘बी’ या दोन्ही ज्ञात विषाणूंच्या हिशेबात बसत नाहीत; सबब त्या अनामिक व्याधीला ‘ए नव्हे, बी नव्हे’ असे नकारात्मक नाव देऊन शास्त्रज्ञांना पुढील दशकभर वाट पाहावी लागली. १९८९ साली मायकेल हॉटन, कुइ-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी हा विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली न पाहताच, केवळ त्याच्या जनुकीय खुणेवरून हुडकून काढला. चार्ल्स राइस यांनी तो एकटाच रोग उत्पन्न करण्यास समर्थ आहे हे सिद्ध केले. आणि ऑल्टर, हॉटन व राइस या तिघांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात रक्तपेढ्यांतील प्रत्येक पिशवीची या विषाणूसाठी तपासणी सक्तीची झाली ती २००१ मध्ये. या तारखा कोरड्या वाटतात, परंतु त्यांच्या दरम्यान माणसे आहेत. १९९२ साली बाळंतपणात ज्या बाईला रक्ताच्या दोन बाटल्या देऊन वाचवले, तिचा जीव ज्या बाटलीने वाचवला त्याच बाटलीने तिच्या यकृतात हा पाहुणा आणून सोडला असेल, आणि त्यात रक्त देणाऱ्याचा, चढवणाऱ्याचा वा घेणाऱ्याचा कोणाचाही यत्किंचित अपराध नाही.

इलाजाचा इतिहास याहूनही नाट्यपूर्ण आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात इंटरफेरॉनची दर आठवड्याला एक सुई आणि रिबाव्हिरिनच्या रोजच्या गोळ्या, असा उपचार विषाणूच्या प्रकारानुसार २४ किंवा ४८ आठवडे चालत असे. रोगी तापाने फणफणत, केस गळत, रक्त कमी होत असे, कित्येकांचे मन इतके खचे की आत्मघाताचे विचार येत. आणि एवढे सोसून बरे होण्याची शक्यता जेमतेम निम्मी. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिर या औषधास मान्यता मिळाली आणि चित्र पालटले : सुया गेल्या, मुदत १२ आठवड्यांवर आली, आणि जोडीच्या औषधासह दर शंभरांतील नव्वदांहून अधिक रोगी बरे होऊ लागले. परंतु तेथे या औषधाची किंमत पडली ८४ दिवसांच्या ८४ गोळ्यांना ८४,००० डॉलर. म्हणजे एका गोळीस एक हजार डॉलर. सप्टेंबर २०१४ मध्ये मूळ कंपनीने मुंबईच्या सिप्लासह सात भारतीय उत्पादकांना ९१ देशांसाठी हे औषध बनवण्याची मुभा दिली, २०१५ पासून भारतीय गोळ्या बाजारात आल्या, आणि किमती इतक्या झपाट्याने उतरल्या की जे औषध श्रीमंत राष्ट्रांच्या विमा कंपन्यांना परवडत नव्हते, ते आपल्या सरकारला फुकट वाटणे शक्य झाले. २८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन. ‘बी’ विषाणूचा शोध लावणाऱ्या बरुच ब्लुमबर्ग यांचा तो जन्मदिवस. २०१८ साली याच दिवसाच्या निमित्ताने राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि तपासणी व औषध ही दोन्ही रोग्याला विनामूल्य देण्याची तजवीज झाली.

येथे कथा संपावयास हवी होती. ती संपली नाही, याची साक्ष मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेल्या एका बाईच्या रूपाने देतो.

२०२१ च्या पावसाळ्यात, मी ज्या सरकारी रुग्णालयात काम करीत होतो तेथे, पोट नगाऱ्यासारखे फुगलेली, हातपाय काटकीसारखे झालेली पन्नाशीची एक शेतमजूर बाई तिच्या मुलाने पाठुंगळीला घेऊन आणली. मुलाच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. तीत रेशनकार्ड, आधारकार्ड, आणि घड्या पडून चिरलेला रक्ततपासणीचा एक कागद. कागदावरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी ती एका रुग्णालयात गेली असता शस्त्रक्रियेपूर्वीच्या नेहमीच्या तपासणीत हिपॅटायटिस सीच्या प्रतिपिंडांची चाचणी सदोष, म्हणजे पॉझिटिव्ह, आली. त्या ओळीखाली लाल शाईने दोनदा रेघ मारलेली होती, आणि शस्त्रक्रिया रद्द केल्याचा शेरा शेजारी होता. बस्स. त्यापुढे कोठे जावे, कोणाला भेटावे, याविषयी कागदावर एक अक्षर नव्हते. ज्याने ती लाल रेघ मारली त्याने आपली शस्त्रक्रियेची खोली सुरक्षित ठेवली. त्या बाईचा विचार करणे हे त्याला आपले काम वाटले नाही. मी तिला विचारले, दोन वर्षे काय केले? ती म्हणाली, “रक्तात दोष निघाला म्हणले, सायेब. कुठं जायचं ते कुणी सांगितलंच न्हाई.” त्या दोन वर्षांत, तिच्या गावापासून एस. टी.च्या दोन तासांवर, तिच्यासाठी लागणाऱ्या गोळ्या कपाटात होत्या. आम्ही तिला औषधे दिली, आणि औषधांनी आपले काम चोख केले. विषाणू गेला, यकृत मात्र परत आले नाही. दीड वर्षाने ती वारली.

त्या कागदाचे मी पुढे पुष्कळ दिवस चिंतन केले, कारण तसे कागद माझ्या स्वतःच्या हातांखालूनही शेकड्यांनी गेले असणार. निदान आणि उपचार यांच्या मधल्या मोकळ्या जागेला आम्ही वैद्य लोक जागाच मानीत नव्हतो. प्रतिपिंडांची चाचणी सदोष येणे म्हणजे विषाणू आजही शरीरात आहे असे नव्हे. तो आपोआप गेला असेल, किंवा उपचाराने गेला असेल, तरी प्रतिपिंड बहुधा आयुष्यभर राहतात. म्हणून विषाणूचे प्रत्यक्ष मोजमाप करणारी दुसरी चाचणी लागते. ती झाल्यावर यकृत किती कठीण झाले आहे हे साध्या रक्ततपासण्यांच्या हिशेबावरून ठरवता येते. मग सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर यांच्या १२ आठवड्यांच्या गोळ्या, किंवा यकृत कठीण झाले असल्यास डॅक्लाटास्व्हिरच्या जागी व्हेल्पाटास्व्हिर. आणि औषध संपल्यावर आणखी १२ आठवड्यांनी विषाणू गेल्याची खात्री करणारी अखेरची चाचणी. शहरातल्या सुशिक्षिताला या चार-पाच पायऱ्या वाटतात. ज्याची एका दिवसाची मजुरी बुडाली की त्या रात्रीची चूल अडते, त्याला त्या चार-पाच वेगवेगळ्या दिवशीच्या खेपा वाटतात. प्रत्येक खेपेला निराळी खिडकी, निराळा केसपेपर, आणि ‘साहेब आज नाहीत, पुढच्या बुधवारी या’ हे ठरलेले वाक्य. यांपैकी प्रत्येक खेपेत काही माणसे गळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२२ अखेर जगात सुमारे ५ कोटी माणसे या विषाणूसह जगत होती, पैकी शेकडा ३६ जणांनाच आपला रोग ठाऊक झाला होता, आणि शेकडा २० जणांपर्यंतच उपचार पोहोचला होता. भारताचा वाटा सुमारे ५५ लाखांचा.

आपल्या कालव्यांच्या मुलखात ही गळती निराळ्या रूपाने सर्वांच्या परिचयाची आहे. धरण भरले म्हणजे शिवार भिजले असे होत नाही. मुख्य कालव्यातून वितरिकेत, वितरिकेतून चारीत असे पाणी जाता जाता झिरपते, अडवले जाते, फुटते, आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येते ती नुसती ओल. म्हणून पाटबंधाऱ्याच्या व्यवस्थेत पाटकरी असतो : कोणाची पाळी केव्हा, कोणते दार केव्हा उघडायचे, कोठे फुटले आहे, हे पाटाच्या काठाने चालत जाऊन पाहणारा माणूस. हिपॅटायटिस सीचे धरण आज भरलेले आहे. पाटकरी नाही.

मग शेपटाला राहणारे हे लोक कोण? ते एका जातीचे वा एका गावचे नाहीत. दर दोन-चार आठवड्यांनी रक्त घ्यावे लागणारी थॅलेसेमियाची मुले. आठवड्यातून दोनदा-तीनदा डायलिसिसच्या खुर्चीवर चार चार तास काढणारे मूत्रपिंडाचे रोगी. २००१ पूर्वी रक्त घेतलेल्या आज पन्नाशी-साठीत असलेल्या बाया. ‘सुई मारल्याशिवाय गुण येत नाही’ या समजुतीपायी एकाच सुईने दहांना टोचणाऱ्या फिरत्या डॉक्टरांकडे गेलेले खेडूत. जत्रेत रांगेने बसून एकाच सुईने गोंदवून घेतलेले तरुण. सुईने नशा करणारे, ज्यांना रुग्णालयाच्या दारात पाऊल टाकताच पहारेकऱ्याची नजर परतवते. आणि कैदी, ज्यांचा रोग तुरुंगाच्या भिंतीआड वाढतो व सुटकेच्या दिवशी त्यांच्याबरोबर घरी येतो. यांतील बहुतेकांना रोगापेक्षा रोगाच्या नावाचे भय अधिक. एका ताटात जेवल्याने, एका खाटेवर झोपल्याने, मिठी मारल्याने वा आईने अंगावर पाजल्याने हा विषाणू जात नाही. परंतु ही गोष्ट घरी समजावून सांगणारे कोणी नसल्याने कित्येकांची भांडी वेगळी झाली आहेत, ठरलेली लग्ने मोडली आहेत. अशा माणसाला ‘तुम्ही स्वतः जिल्ह्याच्या रुग्णालयात हजर व्हा’ असे सांगणे म्हणजे त्याला न सांगण्यासारखेच आहे.

हा प्रश्न ज्याने प्रथम नेमक्या शब्दांत मांडला आणि सोडवून दाखवला, त्या माणसाचा पुण्याशी संबंध आहे, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट वाटावी. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकून अमेरिकेत गेलेले डॉ. संजीव अरोरा हे न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्की येथील विद्यापीठात यकृतरोगांचे तज्ज्ञ होते. हे राज्य विस्ताराने आपल्या महाराष्ट्राहून किंचित मोठे, वस्ती मात्र सुमारे वीस लाखांची. वाळवंट, डोंगर, आदिवासींच्या राखीव वस्त्या आणि मेक्सिकन वंशाचे गरीब शेतमजूर. अरोरांच्या दवाखान्यात भेटीसाठी आठ आठ महिने थांबावे लागे. इंटरफेरॉनच्या त्या काळात उपचारासाठी वारंवार खेपा घालणे दोनशे मैलांवरच्या मजुराला अशक्य होते. आणि पुष्कळ जण येत ते यकृताचा कर्करोग घेऊनच. अरोरांनी विचार केला : तज्ज्ञाजवळ जे आहे ते त्याचे हात नव्हेत, त्याची विद्या आहे, मग रोग्याने दोनशे मैल चालत येण्यापेक्षा विद्येनेच दोनशे मैल चालत का जाऊ नये? २००३ मध्ये त्यांनी ‘एको’ नावाचा प्रकल्प सुरू केला. खेड्यापाड्यांतील दवाखान्यांत आणि तुरुंगांत काम करणारे सामान्य डॉक्टर व परिचारिका दर आठवड्याला ठरल्या वेळी दूरदृश्य यंत्रणेवर एकत्र येत. प्रत्येक जण आपल्या एकेका रोग्याची हकीकत, नाव न सांगता, सर्वांसमोर मांडी. तज्ज्ञ आणि सहकारी त्यावर सल्ला देत. आणि एकाचा रोगी ऐकताना बाकीचे वीस जण शिकत. काही महिन्यांत खेड्यातला तो डॉक्टर त्या एका रोगापुरता तज्ज्ञ होऊन बसे.

अशा कल्पना ऐकावयास गोड वाटतात. कसोटी आकड्यांची असते. २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ४०७ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या दवाखान्यात तज्ज्ञांनी उपचार केलेल्यांपैकी शेकडा ५७.५ बरे झाले. १६ ग्रामीण दवाखाने आणि ५ तुरुंग येथे सामान्य वैद्यकांनी उपचार केलेल्यांपैकी शेकडा ५८.२. उपचारातील गंभीर उपद्रव खेड्यात विद्यापीठापेक्षा कमीच आढळले. ‘हे काम तज्ज्ञानेच करावे’ हा आमच्या व्यवसायाचा सर्वांत जुना आणि सर्वांत सोयीचा समज त्या एका कोष्टकाने निकालात काढला.

भारतात या विचाराला भूमी मिळाली पंजाबात. जून २०१६ मध्ये त्या राज्याने हिपॅटायटिस सीच्या मोफत उपचाराची योजना सुरू केली. पंजाबात रोगी विपुल, आणि चंडीगडच्या पदव्युत्तर संस्थेतील यकृततज्ज्ञ थोडे. तेथील डॉ. राधाकृष्ण धीमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अरोरांची पद्धत उचलली. जिल्हा रुग्णालयांतील सामान्य फिजिशियन मंडळींना शिकवले, दूरदृश्य यंत्रणेवर त्यांच्याशी नियमाने संपर्क ठेवला, आणि २२ जिल्हा रुग्णालये व ३ वैद्यकीय महाविद्यालये येथून भारतीय बनावटीच्या गोळ्यांनी उपचार चालवला. जुलै २०१८ पर्यंत ४८,०८८ रोग्यांची नोंद झाली. पाचांपैकी चार रोगी खेड्यांतले होते, आणि ज्यांचा अखेरचा निकाल हाती आला त्यांपैकी शेकडा ९१.६ विषाणुमुक्त झाले. राष्ट्रीय कार्यक्रमासाठी घालून द्यावयाची वाट पंजाबच्या जिल्हा रुग्णालयांत अशी आधीच मळलेली होती.

इजिप्तची कथा निराळ्या दिशेने बोधप्रद आहे. तेथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिस्टोसोमियासिस या कृमिरोगाच्या निर्मूलनासाठी सरकारनेच गावोगाव सुया टोचल्या, आणि नीट न उकळलेल्या त्या सुयांनी एका रोगाशी लढताना दुसरा रोग राष्ट्रभर पेरला. जगात हिपॅटायटिस सीचे सर्वाधिक प्रमाण असलेल्या देशांत इजिप्त गणला जाऊ लागला. त्याच सरकारने २०१८ च्या ऑक्टोबरपासून सात महिन्यांत सुमारे ५ कोटी नागरिकांची तपासणी केली, ज्यांच्यात दोष निघाला त्यांना तेथल्या तेथे उपचाराच्या वाटेला लावले, आणि २०२३ मध्ये या रोगाच्या निर्मूलनाच्या मार्गावरील सुवर्ण श्रेणी जागतिक आरोग्य संघटनेकडून मिळवणारा तो पहिला देश ठरला. आपल्या हातून झालेली चूक कबूल करून ती निस्तरण्याची हिंमत एखाद्या राज्ययंत्रणेत असू शकते, याचा हा दाखला आहे.

महाराष्ट्राजवळ काय आहे? विचार केला तर पुष्कळ आहे. गावोगाव आशा आहेत, उपकेंद्रे आहेत, क्षयरोग्याला महिनोन्‌महिने गोळ्या पोहोचवण्याचा अनुभव आहे, एच. आय. व्ही.च्या रोग्याला समुपदेशकाच्या आधाराने आयुष्यभर उपचारावर टिकवून ठेवण्याचा अनुभव तर त्याहून मोलाचा आहे. हिपॅटायटिस सीचा रोगी या दोघांपेक्षा सोपा : त्याला आपल्याकडून केवळ ८४ दिवसांची सोबत हवी असते, आणि त्यानंतर तो मोकळा होतो. ही सोबत कशी असते, हे मी एका डायलिसिस केंद्रात पाहिले. तिशीतल्या एका रिक्षाचालकाच्या रक्तात दोष निघाला. तेथील तंत्रज्ञाने तो निकाल फाइलमध्ये लावून न टाकता त्याच्या केसपेपरच्या पाठीवर स्वच्छ मराठीत चार ओळी लिहिल्या : कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या मजल्यावर, कोणत्या क्रमांकाची खोली, तेथे कोणाला भेटायचे, त्या बाईंचे नाव, आणि सोबत काय आणायचे. मग त्याने त्याच्यासमोरच त्या बाईंना फोन लावला आणि सांगितले, “ताई, माझा एक माणूस गुरुवारी येतोय, डायलिसिस उरकून. तेवढा आधी बघा.” पुढच्या तीन महिन्यांत दर वेळी सुई लावताना तो विचारी, गोळी घेतली का? तो रिक्षावाला बरा झाला. त्या तंत्रज्ञाला यकृतशास्त्राची पदवी नव्हती. त्याला पाट कोठे फुटतो ते ठाऊक होते.

प्रस्तुत पुस्तक अशा माणसांसाठी आहे. पहिल्या तीन प्रकरणांत रोगाची ओळख, तपासण्यांचा अर्थ आणि औषधांची योजना आली आहे. ती वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लक्षपूर्वक वाचावीत, आणि कठीण यकृताचा रोगी, गर्भवती, किंवा ‘बी’ विषाणूही सोबत असलेला रोगी कोणत्या टप्प्यावर वरिष्ठ केंद्राकडे पाठवावा, याचे कोष्टक तर टेबलाच्या काचेखाली ठेवावे. परंतु पुस्तकाचा प्राण चौथ्या प्रकरणात आहे. रोग्याशी पहिल्या दिवशी काय बोलावे. घरच्यांची भीती कशी घालवावी. मजुरी न बुडवता रक्त केव्हा घ्यावे. एकाच खेपेत दोन कामे कशी उरकावीत. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी होणाऱ्या अखेरच्या चाचणीला माणूस येत नाही तेव्हा त्याला कसे शोधावे. आणि बरा झाल्यावरही प्रतिपिंडांची चाचणी सदोष येत राहणार असल्याने, पुढे नोकरीत वा शस्त्रक्रियेच्या वेळी त्याची अडवणूक होऊ नये म्हणून त्याच्या हाती कोणता दाखला द्यावा, हे सारे लेखकद्वयाने इतक्या आस्थेने आणि तपशिलाने लिहिले आहे की वाचताना मला पदोपदी ती प्लास्टिकची पिशवी आठवली. नशा करणाऱ्यांविषयीचे त्यांचे पान विशेष वाचनीय आहे. त्यात उपदेशाचे एक वाक्य नाही, आणि ‘आधी व्यसन सोडा, मग औषध देऊ’ या अटीला रोगशास्त्रात आधार नाही हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

एक उणीव नोंदवणे माझे कर्तव्य आहे. शासनाने काय करावे, याविषयी पुस्तक मितभाषी आहे. औषध मोफत केल्याने शासनाचे काम संपत नाही. विषाणू मोजण्याची चाचणी तालुक्यातूनच नमुना पाठवून व्हावी, रोग्याला एस. टी.चे भाडे मिळावे, आणि प्रत्येक केंद्रावर पाटकऱ्याचे काम करणारे एक तरी पद मंजूर असावे, या मागण्या मी माझ्या वतीने येथे रुजू करतो. तोपर्यंत कोणी थांबण्याचे कारण नाही, कारण त्या तंत्रज्ञाने मंजुरीची वाट पाहिली नव्हती.

पुस्तकाच्या अखेरीस चार ओळींची एक कोरी चिठ्ठी छापलेली आहे : दिवस आणि वेळ, खोली, भेटायच्या व्यक्तीचे नाव, सोबत आणायचे कागद. वाचकाला माझी विनंती एवढीच आहे. आपल्या रुग्णालयापुरती ती माहिती आजच विचारून घ्या, चिठ्ठीच्या शंभर प्रती काढून प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवा, आणि सदोष निकालाचा एकही कागद त्या चिठ्ठीवाचून रोग्याच्या हाती देऊ नका.